हजेरीचा कायदा : ‘गुन्हेगार जमाती’ आणि मुंबई इलाखा

पंजाबच्या मुख्य न्यायालयाने 1867 साली दिलेल्या एका निर्णयापासून या इतिहासाचा आरंभ मानणे सोयीचे ठरते. सांसी, हरनी यांसारख्या फिरत्या जमातींना ठरावीक वस्त्यांत अडकवून ठेवावे, त्यांची नियमाने हजेरी घ्यावी आणि परवानगीवाचून जो बाहेर पडेल त्याला शिक्षा करावी, असा रिवाज पंजाबातील अधिकाऱ्यांनी त्याआधीच्या काही वर्षांत केवळ प्रशासकीय हुकमांच्या बळावर पाडला होता. ज्या माणसावर एकही गुन्हा शाबीत झालेला नाही, त्याचे हिंडणे-फिरणे बंद करण्याचा अधिकार कोणत्या कायद्याने मिळाला, याचे उत्तर सरकारपाशी नव्हते, आणि न्यायालयाने ही सगळी व्यवस्था बेकायदा ठरवली. आता ती व्यवस्था सोडून द्यायची की तिला कायद्याचा आधार मिळवून द्यायचा, एवढाच प्रश्न उरला होता. सरकारने आधार मिळवून दिला; शिवाय न्यायालयाला असा सवाल पुन्हा विचारताच येऊ नये, याची तजवीजही त्याच कायद्यात करून ठेवली. 12 ऑक्टोबर 1871 रोजी मंजूर झालेला त्या सालचा 27वा कायदा, म्हणजे गुन्हेगार जमाती कायदा, तो हाच.

त्याचे वेगळेपण कळण्यासाठी आधीची चौकट पाहावी लागते. भारतीय दंड संहिता 1860 साली संमत झाली आणि 1 जानेवारी 1862 पासून अमलात आली. कृत्याला शिक्षा, आणि ते कृत्य त्याच माणसाने केले हे पुराव्याने सिद्ध झाल्यावरच शिक्षा, हे तिचे गृहीतक होते. टोळीने दरोडे घालणाऱ्यांसाठीही संहितेत तरतुदी होत्या; पण तिथेही आरोपी त्या टोळीत सामील होता आणि टोळी गुन्ह्यांसाठीच जमली होती, हे सरकारी पक्षाला न्यायाधीशापुढे दाखवून द्यावे लागे. याला एक जुना अपवाद होता, तो ठगांविरुद्धच्या मोहिमेतला. कर्नल स्लीमन यांच्या नावाशी जोडल्या गेलेल्या त्या मोहिमेसाठी 1836 साली केलेल्या कायद्याने, ठगांच्या टोळीशी संबंध असणे एवढाच मुद्दा जन्मठेपेला पुरेसा ठरवला होता, मग तो संबंध कायदा होण्यापूर्वीचा असला तरी. मात्र ठग ही धंद्याने ओळखली जाणारी टोळी होती, आणि निदान कागदोपत्री तरी तिच्यात कोण आहे हे खटल्यात ठरत असे. 1871 च्या कायद्याने टोळीच्या जागी जमात आणली, आणि खटला काढून टाकला.

हे विधेयक कायदे कौन्सिलात आले तेव्हा कायदेमंत्रिपदावर जेम्स फिट्झजेम्स स्टीफन होते. पुढच्याच वर्षी आलेला भारतीय पुरावा कायदा हे त्यांचे प्रसिद्ध काम, आणि पुराव्याच्या नियमांची इतकी बारीक मांडणी करणाऱ्या माणसाच्या कारकिर्दीतच पुराव्याला पूर्ण फाटा देणारा कायदाही व्हावा, हा योग विलक्षण म्हटला पाहिजे. विधेयकाच्या समर्थनातला युक्तिवाद थोडक्यात असा होता: या देशात धंदे जातीने ठरतात, सुताराचा मुलगा सुतार आणि विणकराचा मुलगा विणकर होतो, त्याच न्यायाने चोरी हा ज्यांचा पिढीजात धंदा आहे अशाही जाती असल्या पाहिजेत, आणि त्या जातींतला माणूस गुन्हा सोडणे म्हणजे आपला धर्मच सोडणे. जातिव्यवस्थेविषयीच्या पुस्तकी समजुतीवर उभी केलेली ही अटकळ होती. तिला हिंदुस्थानातल्या स्थिर, जमीनदार समाजाकडूनही विरोध झाला नाही. गावकुसाबाहेर पाल ठोकणाऱ्यांविषयीचा त्याचा संशय साहेबाच्या सिद्धान्ताशी आयताच जुळला. या कायद्याला निव्वळ परकी राजवटीचे अपत्य म्हणून मोकळे होता येत नाही ते यामुळे.

कायद्याची यंत्रणा साधी होती. एखादी जमात, टोळी किंवा लोकांचा वर्ग अजामीनपात्र गुन्हे पद्धतशीरपणे करण्यास सोकावलेला आहे, असे प्रांतिक सरकारला वाटल्यास त्याने व्हाइसरॉयच्या सरकारला तसे कळवायचे, आणि मंजुरी मिळाली की राजपत्रात अधिसूचना प्रसिद्ध करायची. ही अधिसूचना हाच त्या जमातीच्या गुन्हेगारीचा निर्णायक पुरावा मानला जाई आणि तिच्या वैधतेची चौकशी करण्याची मनाई प्रत्येक न्यायालयाला होती. त्यानंतर मॅजिस्ट्रेटने नोंदवही तयार करायची. त्या जमातीतल्या लोकांनी ठरल्या दिवशी हजर होऊन आपली नावे लिहून द्यायची, न दिल्यास तोच गुन्हा. नाव चढले की हजेरी लागू झाली, ठरलेल्या हद्दीबाहेर जाताना परवाना बाळगणे आले, आणि परवान्याविना सापडल्यास सक्तमजुरी, दंड किंवा फटके. गावचा मुखिया, जागल्या आणि ज्याच्या जमिनीवर हे लोक उतरले असतील तो मालक, या सगळ्यांवर खबर देण्याची जबाबदारी टाकलेली होती. याच कायद्याच्या दुसऱ्या भागाने तृतीयपंथीयांचीही नोंदवही सुरू केली, हे सहसा आठवले जात नाही. 1871 च्या मूळ मजकुरात एक अट होती, ती कायदा करणाऱ्यांच्या मनातली चलबिचल दाखवते: फिरत्या जमातीला एका जागी बसवायचे तर तिच्या पोटापाण्याची सोय काय केली जाणार, हे प्रांतिक सरकारने आधी सांगितले पाहिजे. पुढच्या कायद्यांत ही अट सैल होत गेली.

पोटापाण्याचा हा प्रश्न खरे तर या प्रकरणाचा गाभा आहे. ज्यांची नावे नोंदवह्यांत चढली, त्यांतल्या पुष्कळांचा मूळ व्यवसाय फिरण्यावाचून होऊच शकत नव्हता. बंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून दख्खनभर हिंडत. मोगलांच्या, मराठ्यांच्या आणि कंपनीच्याही फौजांना रसद पुरवण्याचे काम त्यांनी केले होते. 1853 साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली, 1863 साली बोरघाटातून लोहमार्ग वर चढला, आणि पुढच्या काही वर्षांत लांब पल्ल्याची ही बैलवाहतूक बसत गेली. मद्रास इलाख्यात येरुकुल किंवा कोरवा लोक, ज्यांचे महाराष्ट्रातले नातलग म्हणजे कैकाडी, गाढवांवरून मिठाचा व धान्याचा व्यापार करीत. सरकारी मीठधोरणाने आणि रेल्वेने तोही मोडला. 1878 च्या वनकायद्याने राखीव जंगलात शिकार करणे, बांबू आणि गवत तोडणे हा अपराध ठरला, आणि पारध्याची वाघूर व कैकाड्याची टोपली दोन्ही अडचणीत आली. म्हणजे धंदा बुडवणारे सरकार आणि धंदा नाही म्हणून संशय घेणारे सरकार एकच होते. या जमातींत चोऱ्या-दरोडे करणारे कोणीच नव्हते, असा दावा करण्याची गरज नाही, तो खराही ठरणार नाही; प्रश्न एवढाच की काहींच्या अपराधासाठी तान्ह्या मुलांसकट सगळ्यांची नोंद का व्हावी.

मुंबई आणि मद्रास इलाख्यांत 1871 चा कायदा लागू झाला नाही. तो मुळात वायव्य प्रांत, अवध आणि पंजाबपुरता होता, पुढे बंगालमध्ये गेला. दक्षिणेत हजेरीची पद्धत इतर नियमांच्या व गावपोलिसांच्या आधाराने चालत होती. मराठेशाहीत गावाची आणि गडाची राखण करणारे रामोशी इंग्रजी अमलात वतनावाचून उघडे पडले. उमाजी नाईकांना 1832 साली पुण्यात फाशी झाली आणि 1879 साली वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडात रामोशीच साथीला होते, त्यामुळे त्यांच्याकडे पाहण्याची सरकारची नजर कायमची बदलली. पोलीसखात्याची ही नजर कशी होती, हे पाहायचे तर मायकेल केनेडी या मुंबई इलाख्यातील वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याचे 1908 साली निघालेले, इलाख्यातल्या गुन्हेगार वर्गांविषयीचे पुस्तक उघडावे. जमातीमागून जमात घेऊन तिची वस्ती कुठे, पेहराव काय, बोली कोणती, सोंगे कोणती घेतात, हत्यारे कुठे लपवतात, चोरीचा माल कोणाला विकतात, अशा क्रमाने माहिती दिलेली आहे. विजापूरकडचे छप्परबंद खोटी नाणी पाडतात, फकिराच्या वेशात फिरतात, भामटे जत्रेत आणि रेल्वेत हात मारतात, असा त्यातला सूर. फौजदाराच्या हाती पडलेल्या अशा पुस्तकाचा परिणाम उघड होता: गुन्हा घडला की माग काढण्याऐवजी पाल गाठायचे.

1911 साली तिसरा कायदा करून ही व्यवस्था सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानला लागू झाली, आणि 1924 साली सहाव्या कायद्याने तिची एकत्र मांडणी केली. आता अधिसूचनेसाठी वरच्या सरकारची मंजुरी लागेना. प्रांतिक सरकारचा निर्णय पुरे झाला. नोंद होताना बोटांचे ठसे घेण्याचा अधिकार आला. ठशांच्या वर्गीकरणाचे हे तंत्र त्याआधी दहा-पंधरा वर्षे बंगालमध्ये उभे राहिले होते. शिक्षेची कलमे मात्र वाचण्यासारखी आहेत. अधिसूचित जमातीतला माणूस परिशिष्टात दिलेल्या गुन्ह्यांपैकी एखाद्यासाठी दुसऱ्यांदा दोषी ठरला तर, विशेष कारण नसल्यास, किमान सात वर्षे कैद. तिसऱ्यांदा ठरला तर जन्मठेप काळ्या पाण्याची. तोच गुन्हा दुसऱ्या जातीच्या माणसाने केला तर दंड संहितेतली नेहमीची शिक्षा. नोंदलेला माणूस एखाद्या ठिकाणी, तो चोरी करण्याच्या बेतात आहे असे न्यायालयाला वाटावे अशा परिस्थितीत आढळला, तर तेवढ्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शके. चोरी झालेली नसे, प्रयत्नही झालेला नसे. आणि 1897 च्या दुरुस्तीपासून मुलांना आईबापांपासून तोडून सुधारगृहात ठेवण्याची सोय होती. त्या दुरुस्तीत मुलाच्या वयाची खालची मर्यादा चार वर्षांची होती.

मुंबई इलाख्यात या कायद्याला जे रूप आले, ते ओ. एच. बी. स्टार्ट या सनदी अधिकाऱ्याच्या नावाशी बांधलेले आहे. 1910 च्या आसपास विजापूर जिल्ह्यात हरणशिकारी, घंटीचोर आणि छप्परबंद यांना एका जागी बसवण्याचे काम त्यांच्याकडे आले, आणि पुढे ते सगळ्या इलाख्याचे गुन्हेगार जमाती सेटलमेंट अधिकारी झाले. हुबळी, गदग, विजापूर, गोकाक, बारामती अशा ठिकाणी वसाहती निघाल्या; त्यांतली सोलापूरची विशेष नावाजलेली. सरकारने ती अमेरिकन मराठी मिशनच्या हाती सोपवली होती. मद्रास इलाख्यात असेच काम साल्व्हेशन आर्मीने घेतले होते, आणि गुंटूरकडे येरुकुलांसाठी वसवलेल्या वसाहतीला तिथल्या एका गोऱ्या अधिकाऱ्याच्या नावावरून स्टुअर्टपुरम म्हणतात, ते नाव आजही टिकून आहे.

सोलापूरलाच का, याचे उत्तर शहराच्या भोंग्यात होते. 1870 च्या दशकात तिथे पहिली मोठी कापडगिरणी उभी राहिली, मागून आणखी आल्या, आणि गिरण्यांना रोज वेळेवर हजर होणारे, संपाला सहसा न धजणारे कामगार हवे होते. सेटलमेंटमधल्या लोकांना काम हवे होते, ते मिळाल्याशिवाय वसाहत चालवणे सरकारला परवडत नव्हते. दोघांची गरज एकमेकांत बसली. कैकाडी, मांगगारुडी, पारधी, टकारी, कंजारभाट अशी वेगवेगळ्या बोलींची, वेगवेगळ्या देवकांची माणसे तारेच्या कुंपणाआड आणून ठेवली गेली. दिवसा पाळीनुसार गिरणीत जायचे, पाळी सुटली की परतायचे, संध्याकाळी आणि रात्री हजेरी द्यायची. लग्नाला, मयताला किंवा जत्रेला बाहेरगावी जायचे तर लेखी रजा, आणि त्या गावी पोचल्यावर तिथल्या पोलीस पाटलाची सही. मुलांना शाळा सक्तीची होती, वसाहतीत दवाखाना होता, सुतारकाम आणि शिवणकाम शिकवले जाई, आणि लहानसहान तंट्यांसाठी रहिवाशांचीच पंचायत नेमलेली असे. ज्याची वागणूक काही वर्षे चांगली राहिली, त्याला कुंपणाबाहेरच्या मोकळ्या वसाहतीत घर मिळे. सोलापूरच्या पत्त्यांत ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ हे नाव त्यातूनच आले.

स्टार्ट आणि त्यांचे मिशनरी सहकारी दुष्ट होते, असे त्यांच्या कामावरून म्हणता येत नाही, आणि इतिहासकाराची खरी अडचण तिथेच सुरू होते. पोलिसांच्या मारहाणीपेक्षा गिरणीचा पगार बरा, हे त्यांचे म्हणणे तिथल्या अनेक रहिवाशांनाही पटले असेल. साक्षर झालेली पहिली पिढी या शाळांतूनच बाहेर पडली, आणि पुढे विमुक्तांच्या चळवळीला कार्यकर्ते मिळाले तेही सोलापूरच्याच परिसरात. परंतु सुधारणा कितीही चांगली असली तरी ती ज्याच्यावर करायची तो मुळात अपराधी आहे, हे गृहीतक कुंपणाइतकेच पक्के होते, आणि ते खोटे ठरवण्याची संधी रहिवाशाला कोणत्याही न्यायालयात नव्हती. तुरुंगातल्या कैद्याची मुदत तरी ठरलेली असते. सेटलमेंटमध्ये आलेल्या माणसाची मुदत अधिकाऱ्याच्या समाधानावर अवलंबून होती, आणि तिथे जन्मलेल्या मुलाच्या बाबतीत तर मुदत कोणत्या अपराधाची, हेही सांगता येत नव्हते. दया आणि डांबणे ही दोन्ही खाती एकाच टेबलावर आली की तक्रार करायची कोणाकडे, हा प्रश्न उरतो.

याच सुमारास इलाख्याच्या शेजारी वेगळा प्रयोग होत होता. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात महार, मांग, रामोशी, बेरड यांच्यावर लादलेली हजेरी 1918 साली बंद केली, आणि फासेपारध्यांना घरे व संस्थानच्या कामांवर रोजगार दिला. हातात संस्थानाएवढीच सत्ता असलेल्या राजाने कुंपण न घालता हे केले, यावरून कुंपण अपरिहार्य होते हा दावा तपासून घेता येतो. योगायोग असा की, 1928 साली मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी जी समिती नेमली तिचे अध्यक्ष स्टार्टच होते, आणि सदस्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर व ठक्करबाप्पा होते. 1930 च्या तिच्या अहवालाने मागासवर्गीयांच्या प्रवर्गवार विभागणीला मुंबई इलाख्यात आकार दिला. म्हणजे नोंदवहीचा आणि सवलतीच्या यादीचा इतिहास एका व्यक्तीपाशी येऊन मिळतो. पण यादी करणाऱ्या हातांना नोंदवही मात्र बंद करावीशी वाटली नाही.

कायद्याला विरोध झाला नाही असे नव्हे. मदुरा जिल्ह्यातील पेरुंगामनल्लूर या गावी 3 एप्रिल 1920 रोजी पिरमलै कल्लरांनी नोंदणीला नकार दिला, पोलिसांनी गोळीबार केला आणि डझनाहून अधिक माणसे मेली. मृतांत एक स्त्रीही होती. मद्रास इलाख्यात त्यानंतर हा राजकीय प्रश्न झाला. महाराष्ट्रात असा रक्तरंजित दिवस नोंदलेला नाही, इथला विरोध पळून जाण्याचा, नाव बदलण्याचा, संस्थानी हद्दीत उतरण्याचा होता. निजामाच्या मुलखाची सीमा सोलापूरपासून फार दूर नव्हती. राष्ट्रीय चळवळीने या विषयाकडे उशिरा पाहिले. 1936 साली नेल्लोर येथे जवाहरलाल नेहरूंनी या कायद्याच्या तरतुदी नागरी स्वातंत्र्याशी पूर्णपणे विसंगत असल्याचे सांगून तो रद्द करण्याची मागणी केली. पुढल्या वर्षी मुंबईत काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले तेव्हा गृहमंत्री कन्हैयालाल मुन्शी यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली. तिचा अहवाल 1939 साली आला आणि त्याच वर्षी युद्धाच्या प्रश्नावर मंत्रिमंडळानेच राजीनामा दिला. फायली दहा वर्षे तशाच राहिल्या.

स्वातंत्र्य मिळाले त्या दिवशीही सोलापूरच्या कुंपणाआड हजेरी झाली. मद्रासने 1947 साली आणि मुंबईने 1949 साली आपापल्या हद्दीत कायदा रद्द केला. केंद्राने 28 सप्टेंबर 1949 रोजी अनंतशयनम अय्यंगार यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. 1950 साली तिने दिलेल्या अहवालात कायदा रद्द करण्याची शिफारस होती. राज्यघटना तोवर अमलात आली होती: कायद्यापुढे समानता, देशात कुठेही फिरण्याचे व राहण्याचे स्वातंत्र्य आणि कायद्याच्या प्रक्रियेवाचून स्वातंत्र्य हिरावून न घेण्याची हमी देणाऱ्या कलमांपुढे जन्मावरून गुन्हेगारी ठरवणारा कायदा टिकण्यासारखा नव्हता. तरीही त्याच्याविरुद्धचा निर्णायक घाव एखाद्या न्यायालयाने घातला नाही, संसदेनेच निरसन कायदा केला, आणि तो 31 ऑगस्ट 1952 रोजी लागू झाला. अधिसूचना निरस्त झालेल्या या जमातींना विमुक्त म्हणण्यात आले. महाराष्ट्रात आणि बाहेरही 31 ऑगस्ट हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो.

निरसनाची सोबतीण मात्र दुर्लक्षून चालणार नाही. अय्यंगार समितीची शिफारस नुसती रद्द करण्याची नव्हती. जातपात न पाहता सराईत गुन्हेगारांना लागू होईल असा कायदा करावा, असेही तिने सुचवले होते. मुंबई राज्याने 1959 साली सवयीच्या गुन्हेगारांविषयीचा कायदा केला. कोणत्याही सलग पाच वर्षांत परिशिष्टातल्या गुन्ह्यांसाठी तीन किंवा अधिक वेळा कैदेची शिक्षा झालेला माणूस तिथे सराईत ठरतो, त्याची नोंद होते, ठसे घेतले जातात, राहण्याची जागा बदलल्यास कळवावे लागते. तत्त्वतः हा फरक फार मोठा आहे, कारण आता जमात नव्हे तर व्यक्ती आणि अटकळ नव्हे तर शाबीत झालेली शिक्षा हा आधार आहे. व्यवहारात मात्र जुनी नोंदवही ज्या चौकीत होती तिथेच नवी उघडली गेली, आणि ज्यांना वारंवार पकडले जाई त्यांनाच वारंवार शिक्षा होई. त्यातच इतर फौजदारी कायद्यांची भर पडली: 1949 च्या दारूबंदीने हातभट्टीवर जगणाऱ्या कंजारभाटांच्या घरावर धाडी सुरू झाल्या, 1959 च्या भिक्षाप्रतिबंधक कायद्याने रस्त्यावर खेळ करून मागणारा अपराधी ठरला, 1972 च्या वन्यजीव कायद्याने पारध्याची उरलीसुरली शिकार संपली आणि अस्वल-सापांवर जगणारेही अडकले. यांतला प्रत्येक कायदा वेगळ्या आणि बहुधा समर्थनीय हेतूने झालेला होता. त्यांचा एकत्रित भार कोणावर पडतो, हे पाहण्याचे काम कोणत्याच खात्याचे नव्हते. शिवाय चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागणारी ‘चॅप्टर केस’ पोलिसांच्या हाती होतीच, आणि तिला गुन्हा घडावा लागत नाही.

सवलतींच्या बाबतीत या जमातींची विभागणी जिथे-तिथे वेगळी झाली. विमुक्त हा प्रवर्ग राज्यघटनेत नाही, त्यामुळे कोणी अनुसूचित जातींत गेले, कोणी जमातींत, कोणी इतर मागासांत. विदर्भातल्या जिल्ह्यांत कैकाडी अनुसूचित जातीत आहेत, पुणे-सोलापूरकडे विमुक्त जातीत. बंजारा तेलंगणात अनुसूचित जमात आहेत, महाराष्ट्रात विमुक्त. महाराष्ट्राने निदान स्वतंत्र यादी केली, बेरड, भामटा, कैकाडी, रामोशी, वडार, छप्परबंद अशा 14 विमुक्त जाती त्यात आहेत, आणि त्यांना राज्याच्या नोकऱ्यांत 3 टक्के जागा आहेत. राज्याची सीमा ओलांडली की हा हक्क संपतो. केंद्राने नेमलेल्या दोन आयोगांचे अध्यक्ष महाराष्ट्रातलेच, बाळकृष्ण रेणके आणि भिकू रामजी इदाते. पहिल्याचा अहवाल 2008 साली आला, दुसऱ्याचा त्यानंतर दशकभराने. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ ही आत्मकथने त्याआधीच साहित्य अकादमीपर्यंत पोचली होती, पण पुरस्काराने चौकीतली वही बंद होत नाही.

फेब्रुवारी 1998 मध्ये पश्चिम बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यात खेडिया शबर जमातीतल्या बुधन शबर या तरुणाचा कोठडीत मृत्यू झाला. महाश्वेतादेवी ज्यांच्याबरोबर काम करीत, त्या शबरांच्या संघटनेने कलकत्ता उच्च न्यायालयात दाद मागितली. न्यायालयाने तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपवला व त्याच्या पत्नीला भरपाई देवविली. त्याच वर्षी महाश्वेतादेवी, गणेश देवी आणि लक्ष्मण गायकवाड यांनी विमुक्तांच्या हक्कांसाठी गट उभारला, आणि मानवी हक्कांच्या परिभाषेत हा प्रश्न देशपातळीवर मांडला जाऊ लागला. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने 2000 साली सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे रद्द करण्याची शिफारस केली, 2007 साली वंशभेदनिर्मूलनाच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीनेही भारताला तेच सांगितले.

महाराष्ट्रातले एक प्रकरण या सगळ्या इतिहासाला फौजदारी न्यायाच्या नेमक्या दुखऱ्या जागी आणून ठेवते. 2003 साली जालना जिल्ह्यात भोकरदनजवळ एका शेतमजूर कुटुंबातील पाच जणांची हत्या आणि बलात्काराची भीषण घटना घडली. भटक्या जमातीतील सहा जणांना अटक झाली. 2009 साली सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. वाचलेल्या साक्षीदाराने तपासाच्या सुरुवातीलाच पोलिसांच्या छायाचित्रसंग्रहातून चार वेगळ्या माणसांना ओळखले होते, पण त्यांच्याविरुद्ध तपास झाला नाही आणि ही गोष्ट खटल्यात पुढे आली नाही. 5 मार्च 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपलाच निर्णय मागे घेऊन सहाही जणांना निर्दोष ठरवले, तपास अधिकाऱ्यांची चौकशी करण्यास सांगितले आणि राज्य सरकारला प्रत्येकी 5 लाख रुपये देण्याचा आदेश दिला. तोवर त्यांची सोळा वर्षे तुरुंगात गेली होती, आणि एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन असल्याचे मध्यंतरी निष्पन्न झाले होते. 1871 चा कायदा या खटल्यात कुठेच नव्हता. मात्र 1871 च्या कायद्याने न्यायालयाला विचारू दिला नव्हता तो प्रश्न, म्हणजे या माणसांनीच हे केले याला पुरावा काय, इथे तीन न्यायालयांतून पुढे जाऊन चौथ्या फेरीत नीट विचारला गेला.

मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर 3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातील कामे जातीवर वाटणाऱ्या नियमावल्या घटनाबाह्य ठरवल्या. त्यांपैकी काही नियमावल्यांत भटक्या किंवा गुन्हेगार जमातींतील कैद्यांचा वेगळा उल्लेख निरसनानंतर सत्तर वर्षांनीही छापलेला होता. तो काढून टाकण्याचा आणि सराईत गुन्हेगाराची व्याख्या केवळ संबंधित राज्याच्या कायद्याप्रमाणेच करण्याचा आदेश झाला. ज्या राज्यांत असे कायदे आहेत त्यांची आज गरज आहे का, याचा निर्णय न्यायालयाने त्या-त्या सरकारांवर सोडला.